आईचा अमेरिकेचा व्हिसा दहा वर्षांचा आहे. मुक्काम वाढवून घ्यावा की परत येऊन पुन्हा जावं?

वर्धाकाठ (१८ ऑगस्ट, रात्री)

नमस्कार मंडळी,

आर्वी तालुक्यातलं आमचं गाव, वर्धा नदीच्या काठचं. आमच्या घरून विमानात बसलेली आई पहिलीच. बहीण डॅलसजवळ राहते. तिच्या बाळंतपणासाठी आई १२ एप्रिलला तिथं उतरली. बाळ जूनमध्ये झालं, सात आठवडे आधीच. चोवीस दिवस काचेच्या पेटीत होतं. आता घरी आलंय, वजन धरतंय, पण दर तीन तासांनी दूध, औषधाचे थेंब, रात्रभर जागरण. बहिणीची रजा सप्टेंबरअखेर संपते. आई जानेवारीपर्यंत राहिली तर लेकरू जरा दणकट होईल, असं ती म्हणते आणि मलाही ते पटतं.

आईचा व्हिसा बी-१/बी-२ म्हणजे पर्यटक व्हिसा आहे, दहा वर्षांचा, मल्टिपल एंट्री. ज्यांच्याकडून फॉर्म भरून घेतला त्यांनी सांगितलं होतं, "दहा वर्षं चिंता नाही, पाहिजे तितकं राहा." विमानतळावर मात्र शिक्का मारून त्याखाली पेनानं तारीख लिहिली आहे: १०/११. म्हणजे १० नोव्हेंबर. आईनं तेव्हाच त्याचा फोटो पाठवला होता. त्यावरून मी परतीचं तिकीट ५ नोव्हेंबरला सरकवून ठेवलं. बहीण तेव्हा दवाखान्यात होती, तिला या कशात गुंतवलं नाही.

विचारायचं हे की मुक्काम वाढवायचा अर्ज कुठे आणि कधी करायचा? केला तर पुढच्या वेळी जाताना आईला त्रास होईल का? की नोव्हेंबरमध्ये परत आणून उन्हाळ्यात पुन्हा पाठवणं बरं? इथं बाबा एकटे आहेत. त्यांचा गुडघा दुखतो, आणि आई नसताना ते दोन वेळा धड जेवत नाहीत.

संत्राबाग

भाऊ, बाकी सगळं नंतर. आधी ती तारीख पुन्हा पाहा.

आई १२ एप्रिलला उतरल्या. तिथं पर्यटक व्हिसावर एका वेळी बहुधा सहा महिने देतात. एप्रिलचे सहा महिने ऑक्टोबरमध्ये भरतात, नोव्हेंबरमध्ये नाही. अमेरिकेत महिना आधी लिहितात, दिवस नंतर. तुमची ती १०/११ म्हणजे ११ ऑक्टोबर असणार. मी वरूडचा. आमच्याकडे माझ्या काकांच्या बाबतीत असाच घोळ होता होता राहिला. बहिणीला आत्ताच सांगा, आईचा पासपोर्ट नंबर आणि जन्मतारीख टाकून सरकारी साइटवर आय-९४, म्हणजे प्रवेशाची नोंद, काढायला. त्यावर मुक्कामाची शेवटची तारीख असते. शिक्का नीट वाचता येत नसेल तर तोच कागद प्रमाण.

वर्धाकाठ (त्याच रात्री, दीड वाजता)

बहिणीला उठवलं. ११ ऑक्टोबरच आहे.

माझे हात थरथरताहेत. मी पंचवीस दिवस उशिराचं तिकीट काढून ठेवलं होतं. संत्राबाग, तुमचे उपकार कसे फेडू.

मृगाचा पेरा

घाबरू नका. आज १९ ऑगस्ट आहे आणि हातात वेळ आहे. माझी दोन्ही मुलं तिकडे असतात. मी आणि सौ. मिळून आजवर पाच वेळा जाऊन आलो, त्यातून जे कळलं ते सविस्तर लिहितो. हा गोंधळ फार घरांत आहे.

व्हिसा म्हणजे दारापर्यंत जायची परवानगी. पासपोर्टवरच्या कागदावर दहा वर्षं लिहिलेली असतात, त्याचा अर्थ एवढाच की त्या दहा वर्षांत कितीही वेळा दारात जाऊन उभं राहता येईल. आत किती दिवस राहायचं हे विमानतळावरचा अधिकारी त्या वेळी ठरवतो, आणि ती तारीख आय-९४ वर असते. एक तारीख दाराची, दुसरी घराची. मुक्काम मोजायचा तो दुसऱ्या तारखेनं.

त्या तारखेनंतर एक दिवस जरी राहिलं तरी तो दहा वर्षांचा व्हिसा बाद होतो. पुन्हा नवा काढावा लागतो, तोही आपल्या देशात येऊन. १८० दिवसांपेक्षा जास्त पण वर्षाच्या आत बेकायदा मुक्काम झाला आणि मग बाहेर पडलं, तर तीन वर्षं प्रवेशबंदी. वर्ष किंवा त्याहून जास्त झालं तर दहा वर्षं. तुमच्या आईवर ही बंदी आली नसती, पण व्हिसा गेला असता. पुढे नातवाच्या पहिल्या वाढदिवसाला जायचं म्हटलं असतं तर पुन्हा मुंबई, पुन्हा मुलाखत, आणि "मागच्या वेळी उशिरा का गेलात" हा प्रश्न.

आता मुदतवाढीचं. फॉर्म आय-५३९. तो अमेरिकेत असतानाच आणि तारीख उलटायच्या आत भरायचा. निदान ४५ दिवस आधी भरा असं तिथलं खातं सांगतं. तुमच्या हिशेबानं ते २७ ऑगस्टपर्यंत येतं. ऑनलाइन भरला तर फी ४२० डॉलर, कागदावर ४७० डॉलर. सोबत कारण लिहायचं, बाळाच्या डॉक्टरचं पत्र जोडायचं, मुलीची मिळकत दाखवायची, आणि आई परत येणार आहेत हे पटेल असे कागद द्यायचे: परतीचं तिकीट, इथलं घर, सातबारा, बाबा इथं आहेत ते. "नातवाचा लळा लागला" हे कारण खरं असलं तरी तेवढ्यावर चालत नाही. किती तारखेपर्यंत राहायचं आहे आणि का, हे ठोस लिहावं लागतं.

वेळेत अर्ज गेला की निकाल येईपर्यंत थांबता येतं, पण निकाल यायला महिनोन् महिने लागतात. कित्येकदा मागितलेली तारीख निघून जाते तरी उत्तर आलेलं नसतं. नकार आला तर लगेच निघावं लागतं आणि पुढच्या व्हिसाला ते चिकटतं. म्हणून मी मुदतवाढ गरजेपुरतीच धरतो. आजारपण, ऑपरेशन, प्रवासच करता येत नाही अशी वेळ. सोय म्हणून मागू नये.

पऱ्हाटी

भाऊ, माह्या बाबूजीचं सांगतो, म्हंजे तुमाले अंदाज येईन. मी दारव्ह्याकडचा.

बाबूजी माह्या भावाकडं अमेरिकेत गेलते. निंघायच्या पंधरा दिवसांआंधी तिथं छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवलं. डॉक्टर म्हणे इतक्यात विमान नाई. मंग भावानं तो ५३९ भरला, डॉक्टरचं पत्र लावलं. पावती आली. बाबूजी बरे झाले आन् दोन महिन्यानं घरी आले, तवापर्यंत निकाल आलाच नवता. त्याले काई झालं नाई, काऊन का अर्ज तारखेच्या आंधी गेलता. पण ती पावती आमी आजून पासपोर्टाच्या संगं ठेवतो, प्लास्टिकच्या पिशवीत.

दोन वर्षांनं बाबूजी परत गेले तं विमानतळावर साह्यबानं इचारलं, "मागच्या वेळी जास्त राहिले होते का?" बाबूजीले इंग्रजी येत नाई. त्यायनं पावती आन् डॉक्टरचं पत्र दोन्ही समोर ठेवलं. साह्यबानं वाचलं, शिक्का मारला. म्हून सांगतो, कागद फेकू नका. आन् इमा जरूर पाहा. बाबूजीच्या इम्याची तारीख तिकिटाएवढीच होती. भावानं ती संपायच्या आंधी वाढवली म्हून बरं, नाई तं दवाखान्याचं बिल घर इकून बी फिटलं नसतं.

वर्धाकाठ

आईचा विमा सहा महिन्यांचाच आहे, तोही ११ ऑक्टोबरला संपतो. तेवढं एक बरोबर झालं.

एक शंका. ओळखीच्या एकानं सांगितलं की आईला चार दिवस कॅनडा फिरवून आणा, परत शिरताना नवे सहा महिने मिळतात. हे खरं आहे का?

मृगाचा पेरा

या वाटेला जाऊ नका. कॅनडाचा व्हिसा वेगळा काढावा लागतो, हा एक भाग. शिवाय शेजारच्या कॅनडा-मेक्सिकोला जाऊन ३० दिवसांच्या आत परत आलं तर बहुधा जुनीच तारीख चालू राहते. आणि अधिकाऱ्याच्या लक्षात आलं की ही फेरी फक्त तारीख वाढवण्यासाठी केली, तर तो प्रश्न विचारणारच. साठीच्या बाईला त्या खिडकीपुढे असं उभं करू नये.

कॅल्गरीची लेक

मी मूळची पुसदची, आता कॅनडात. इथली रीत वेगळी आहे, ती लिहिते. कोणाच्या कामी येईल.

कॅनडात साध्या व्हिजिटर व्हिसावर सहसा सहा महिने राहता येतं. जास्त राहायचं तर मुदत संपायच्या आत व्हिजिटर रेकॉर्डसाठी अर्ज करायचा, निदान ३० दिवस आधी. फी १०० कॅनेडियन डॉलर. अर्ज वेळेत असेल तर निकाल येईपर्यंत राहता येतं. पण मुलगा किंवा मुलगी इथं कायमची रहिवासी वा नागरिक असेल, तर आईवडिलांसाठी सरळ सुपर व्हिसा काढा. जुलै २०२२ पासून त्यावर एका वेळी पाच वर्षांपर्यंत राहता येतं. विमा मात्र किमान एक वर्षाचा आणि एक लाख कॅनेडियन डॉलरचा लागतो, शिवाय मुलाची मिळकत ठरावीक आकड्याच्या वर असावी लागते.

माझ्या आईसाठी मी सुपर व्हिसा काढला, आणि तरी ती सात महिन्यांत परत गेली. महालक्ष्म्या घरच्याच झाल्या पाहिजेत, असं तिचं म्हणणं. मुखवटे ट्रंकेत, ट्रंकेची किल्ली तिच्याकडे. मला तेव्हा राग आला होता. आता समजतं. पाच वर्षांची मुभा कागदावर असते, माणसाचं मन त्याच्या हिशेबानं चालत नाही. तुमच्या आईला स्वतःला काय वाटतं, हे कोणी विचारलं का?

वर्धाकाठ

ताई, खरं सांगतो, नाही विचारलं.

शिक्षक निवृत्त, शेती चालू

वरची चर्चा वाचली. मी जिल्हा परिषदेचा निवृत्त शिक्षक, मुक्काम धामणगाव रेल्वेजवळ. लोक व्हिसाचं सगळं पाहतात आणि इथं मागे काय राहतं ते विसरतात. मी विसरलो होतो, म्हणून कळकळीनं लिहितो.

पेन्शन घेणाऱ्यांनी नोव्हेंबर लक्षात ठेवावा. हयातीचा दाखला तेव्हा लागतो. परदेशात असाल तर जीवन प्रमाणवर मोबाईलनं चेहरा दाखवून करता येतो, किंवा तिथल्या भारतीय वकिलातीतून घेता येतो. माझा राहिला आणि पेन्शन थांबली. सुरू व्हायला बराच काळ गेला, आणि सौ.ची औषधं त्याच पैशातून येतात.

दुसरं म्हणजे मोबाईल नंबर. बँकेचा, आधारचा, सगळा ओटीपी इथल्या सिमवर येतो. ते सिम रिचार्ज न केल्यानं बंद पडलं की सहा महिने खात्याला हात लावता येत नाही. जाण्याआधी रिचार्ज करून ठेवा, रोमिंग चालू आहे का ते पाहा.

शेत आईच्या नावावर असेल तर ई-पीक पाहणी वेळेत करा. वावरात उभं राहूनच फोटो काढावा लागतो, अमेरिकेतून होत नाही. पण नोंद घरचं माणूस करू शकतं. सातबाऱ्यावर पीकच चढलं नाही तर नुकसानभरपाईच्या वेळी आपण काय दाखवणार? पीएम किसानचं ई-केवायसीही बघून ठेवा.

वर्धाकाठ

गुरुजी, दोन एकर आईच्या नावावर आहे. पाहणी राहिली होती. आज सकाळी जाऊन केली. पऱ्हाटी कमरेएवढी झाली आहे. फोटो आईला पाठवला तर तिनं लगेच फोन करून विचारलं, डावीकडच्या तासात, म्हणजे ओळीत, तूट का दिसते.

पैनगंगा

युरोपचाही हिशेब एकदा लिहून ठेवतो, कारण तिथं दहा वर्षं वगैरे प्रकार नाही आणि मोजणीच निराळी. मुलगा जर्मनीत आहे.

शेंगेन व्हिसावर (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस. लोक समजतात की ९० दिवस राहायचं, एक दिवस बाहेर पडायचं आणि पुन्हा ९०. तसं नाही. ज्या दिवशी तुम्ही तिथं आहात त्या दिवसापासून मागे १८० दिवस मोजायचे आणि त्यात एकूण मुक्काम ९० च्या वर जाता कामा नये. आल्याचा आणि गेल्याचा दिवसही धरतात. समजा तुम्ही १ एप्रिलला पोचलात आणि २९ जूनला निघालात, ९० भरले. आता पुन्हा पूर्ण ९० दिवस मिळतात ते २८ सप्टेंबरपासून. मी हे वहीत रेघा मारून मोजतो, पानावर तारखा, समोर फुल्या. मुलगा म्हणतो मोबाईलवर गणकयंत्र आहे. असेल, पण वही समोर असली की चूक दिसते.

मुदतवाढ तिथं जवळजवळ मिळतच नाही. गंभीर आजार, विमान बंद पडणं, असं काही असेल तरच. मात्र एप्रिल २०२४ पासून भारतीयांसाठी एक सोय झाली. मागच्या तीन वर्षांत दोन व्हिसे नियमानं वापरले असतील तर दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो, आणि त्यानंतर पाच वर्षांचा. म्हणजे आधीच्या प्रवासात तारखा पाळल्या त्याचं फळ पुढे मिळतं. ९०/१८० ची मोजणी तरीही सुटत नाही.

बडनेरा जंक्शन

दुबईला पोरगा-सून असणाऱ्यांसाठी दोन ओळी: तिथं पर्यटक व्हिसा ३० किंवा ६० दिवसांचा, वाढवून मिळतो, पण तारीख चुकली की दिवसाला ५० दिरहम दंड. आणि पासपोर्टवर नुसतं पहिलं नाव असेल, आडनाव नसेल, तर तिथं पर्यटक व्हिसावर घेतच नाहीत. आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या पासपोर्टवर हा प्रकार असतो. आधी नागपूरला पासपोर्ट दुरुस्त करून घ्या.

वर्धाकाठ (२१ ऑगस्ट)

काल रात्री आईशी एकटीशी बोललो. बहीण झोपली होती, आईच्या खांद्यावर बाळ होतं. मी सरळ विचारलं, तुला काय वाटतं?

आई थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "लेकराले टाकून यावंसं वाटत नाही, आन् तुह्या बाबाले असं ठेवून राहावंसंबी वाटत नाही. पण चोरासारखं नाही राहायचं. त्या गोऱ्या माणसानं ११ तारीख लिहून देली आन् मी मान हलवली. तो शब्द हाय."

मला आता बाकी काही विचारायचं राहिलं नाही. फक्त बहिणीच्या हातची व्यवस्था कशी लावायची आणि पुढच्या फेरीचं कधी ठेवायचं, तेवढं सांगा.

संत्राबाग

आमच्याकडे पाळीनं केलं. आधी आई गेली, ती परत येण्याच्या आठवडाभर आधी विहीणबाई पोचल्या. आठवडाभर दोघी सोबत असल्या म्हणजे बाळाची सगळी रीत एकीकडून दुसरीकडे जाते. कोणती बाटली, किती कोमट, कशानं झोपतं. बहिणीच्या सासूबाईंचा व्हिसा आहे का?

मृगाचा पेरा

पुढच्या फेरीबद्दल. परत येऊन किती दिवसांनी जावं असा नियम कायद्यात लिहिलेला नाही. पण सहा महिने राहून आलेला माणूस महिन्याभरात पुन्हा दारात उभा राहिला, तर अधिकाऱ्याला वाटणारच की हे इथंच राहतात. आम्ही घरात ठरवलंय: जेवढं तिथं राहिलो तेवढं तरी इथं राहायचं. म्हणजे तुमच्या आईसाठी पुढचा एप्रिल. त्या वेळी सहा महिने मिळतीलच असं धरू नका. परतीचं तिकीट तीन-साडेतीन महिन्यांचं ठेवा आणि विचारलं की खरं तेच सांगायचं: मुलीकडे, नातवाला भेटायला, अमुक तारखेला परत.

बाबांनाही या वेळी व्हिसा काढा. दोघं जातील आणि पेरणीच्या आधी नाही तर सोंगणीच्या आधी परत येतील. बाबांच्या मुलाखतीला सातबारा, आठ-अ, कापूस-सोयाबीन विकल्याच्या पावत्या, बँकेचा उतारा असू द्या. शेतकऱ्याकडे आयकराचा कागद नसतो आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. काही वेळा कागद पाहतही नाहीत, नुसतं विचारतात. किती एकर, काय पेरता, तुम्ही नसताना कोण पाहतं. हे बाबांना पाठ करावं लागणार नाही. मराठीतून मुलाखत मागता येते, अर्जात तसं आधीच नोंदवा.

पासपोर्टची तारीखही पाहा. व्हिसा दहा वर्षांचा आणि पासपोर्ट मध्येच संपतो, असं होतं. नवा पासपोर्ट आला तरी जुन्यातला व्हिसा चालतो, दोन्ही सोबत न्यायचे. जुना पासपोर्ट रद्दीत गेला म्हणून रडलेली माणसं मी पाहिली आहेत.

पऱ्हाटी

आन् गोळ्यायची चिठ्ठी इंग्रजीत लिहून घ्या डॉक्टरकडून. बाबूजीच्या बीपीच्या गोळ्या तिथं चिठ्ठीबिगर भेटत नाईत.

वर्धाकाठ (९ सप्टेंबर)

खबर द्यायला आलो.

तिकीट बदललं. ७ ऑक्टोबरला डॅलसहून निघेल, शेवटच्या तारखेच्या चार दिवस आधी. विमान चुकलं, रद्द झालं तरी हातात दिवस राहावेत म्हणून. फरकाचे साडेसतरा हजार लागले. बहिणीच्या सासूबाईंचा व्हिसा आधीचाच होता, त्या २८ सप्टेंबरला पोचताहेत. नऊ दिवस दोघी सोबत. बहीण पहिले दोन दिवस रडली, मग तिनंच फ्रिजवर कागद लावला, त्यावर आई सांगते तसं बाळाचं सगळं लिहून ठेवते आहे.

मुदतवाढीचा अर्ज केला नाही.

बाबांचा फॉर्म मी स्वतः भरला, या वेळी कोणाकडे दिला नाही. फी १८५ डॉलर भरली. तारीख मिळाली की दोघं सेवाग्राम एक्स्प्रेसनं पुलगावहून मुंबईला जाऊ. बाबा म्हणाले, विचारलं तर मी सांगीन, बाई तिकडं हाय म्हणून पाहायला जातो.

आई उतरेल तोपर्यंत पहिली बोंडं फुटलेली असतील. सीतादही, म्हणजे पहिल्या वेचणीची पूजा, तिच्याच हातून व्हायची आहे, तेव्हा वेचणी दोन दिवस मागे ठेवली आहे. बायांनाही तसं सांगून ठेवलंय.